'ई ड्राइव्ह' म्हणजे नेमका कुठला? चुकीची डिस्क फॉरमॅट होण्याआधी हे वाचा

लग्नसराईचे दिवस. जालन्यातल्या एखाद्या फोटो स्टुडिओत एकाच कॉम्प्युटरला दोन हार्ड डिस्क, एक कार्ड रीडर आणि ग्राहकाचा पेनड्राइव्ह लावलेला आहे. स्क्रीनवर मात्र दिसतात फक्त अक्षरं. डी, ई, एफ, जी. दुसऱ्या लग्नाला निघायचंय, कार्ड रिकामं करायचंय, म्हणून घाईघाईत 'एफ'वर राइट क्लिक करून फॉरमॅट दाबलं जातं. आणि 'एफ' म्हणजे कार्ड नसून कालच्या लग्नाची हार्ड डिस्क निघाली तर? हळद, सप्तपदी, पाठवणी, सगळं गेलं. ते लग्न काही पुन्हा लावता येत नाही.

हीच गोष्ट आडत दुकानातल्या हिशेबाच्या बॅकअपची, शाळेतल्या निकालाच्या फाइल्सची आणि घरातल्या लहानग्याच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोंची. हातातली डिस्क एक, स्क्रीनवरचं नाव दुसरंच, आणि दोघांची जोडी लावायची कशी हे कुणी शिकवलेलंच नसतं.

'हा व्हिडिओ नेमका कुठल्या यंत्रातून आला?' या प्रश्नावरून तर जालना विधानसभा मतदारसंघाचा एक खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि देशभरातल्या डिजिटल पुराव्यांचा नियम ठरला. त्या खटल्याकडे येऊच. आधी या अक्षरांचा घोळ समजून घेऊ.

सुरुवात 'सी'पासूनच का? ए आणि बी गेले कुठे?

डिस्कला अक्षरानं ओळखायची पद्धत जुनी आहे. १९६० च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या कॉम्प्युटरवर ती होती. १९७४ मध्ये गॅरी किल्डॉल यांनी तयार केलेल्या सीपी/एम या सिस्टिमने ती छोट्या कॉम्प्युटरवर आणली. तिथून ती १९८१ मध्ये आयबीएम पीसीसोबत आलेल्या डॉसमध्ये आली आणि डॉसकडून विंडोजकडे.

त्या पहिल्या पीसीमध्ये हार्ड डिस्क नव्हती. होते ते फ्लॉपी ड्राइव्ह, एक किंवा दोन. त्यांना 'ए' आणि 'बी' अशी नावं मिळाली. १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी हे मॉडेल आणलं, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती. आजच्या मोबाइलवरचे दोन-तीन फोटो ठेवले की भरेल एवढीच! ए आणि बी आधीच अडकलेले असल्यामुळे तिच्या वाट्याला 'सी' आला. पुढे फ्लॉपी गेल्या, पण 'सी' तिथेच राहिला.

म्हणजे हे अक्षर डिस्कवर कुठे छापलेलं नाही. ते कॉम्प्युटरने त्याच्या सोयीसाठी दिलेलं आहे. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

अक्षर म्हणजे फलाट, गाडी नव्हे

जालन्याचं बसस्थानक डोळ्यांसमोर आणा. एका फलाटावर सकाळी अंबडची गाडी लागते, दुपारी त्याच फलाटावर भोकरदनची. 'चार नंबरवरच्या गाडीत सामान टाक' असं सांगितलं आणि मधल्या वेळात गाडी बदलली, तर सामान भलत्याच गावाला जाणार. यात चूक फलाटाची नाही. फलाटालाच गाडी समजणाऱ्याची आहे.

ड्राइव्हचं अक्षर हा असाच फलाट आहे. नवीन पेनड्राइव्ह लावला की विंडोज रिकामं असलेलं पुढचं अक्षर त्याला देतं. आधी हार्ड डिस्क लावली आणि मग पेनड्राइव्ह, तर हार्ड डिस्क 'ई' आणि पेनड्राइव्ह 'एफ'. उलट क्रमानं लावलं तर नावंही उलट. तुमच्या घरी 'ई' असलेली डिस्क सायबर कॅफेत 'जी' होऊ शकते.

विंडोज थोडी आठवण ठेवतं, हेही खरं. कुठल्या डिस्कला आधी कुठलं अक्षर दिलं होतं याची नोंद रजिस्ट्रीमध्ये 'माउंटेड डिव्हाइसेस' या नावाखाली होते. म्हणून तीच डिस्क त्याच कॉम्प्युटरला पुन्हा लावली की बहुतेक वेळा तेच अक्षर मिळतं. पण मधल्या काळात ते अक्षर दुसऱ्याने घेतलेलं असेल, तर तिला दुसरं मिळतं. आणि ही आठवण त्या एकाच कॉम्प्युटरपुरती असते. डिस्कसोबत ती प्रवास करत नाही.

एका डिस्कची चार नावं

बसस्थानकाचंच उदाहरण पुढे नेलं, तर प्रत्येक डिस्कला चार वेगवेगळ्या पातळ्यांवर ओळख असते.

पहिली ओळख म्हणजे अक्षर, अर्थात फलाट. ते कधीही बदलू शकतं.

दुसरी ओळख म्हणजे लेबल. ही गाडीच्या कपाळावरची गावाची पाटी. 'न्यू व्हॉल्यूम', 'लग्न बॅकअप' अशी नावं म्हणजे लेबल. ते तुम्हीच देता, तुम्हीच बदलता. डिस्कसोबत ते दुसऱ्या कॉम्प्युटरवरही जातं, पण दोन डिस्कवर एकच लेबल असू शकतं. 'न्यू व्हॉल्यूम' नावाच्या तीन डिस्क एकाच दुकानात सापडणं अजिबात अवघड नाही.

तिसरी ओळख म्हणजे फॉरमॅट करताना आपोआप तयार होणारा क्रमांक. ही गाडीची नंबर प्लेट. विंडोजमध्ये त्याला व्हॉल्यूम सिरियल नंबर म्हणतात, लिनक्समध्ये यूयूआयडी. पुन्हा फॉरमॅट केलं की हा क्रमांक नवा होतो.

चौथी ओळख म्हणजे कंपनीने कारखान्यात दिलेला सिरियल नंबर. हा चेसिस नंबर. हार्ड डिस्कच्या स्टिकरवर तो छापलेला असतो आणि आतल्या चिपमध्येही नोंदवलेला असतो. फॉरमॅट करा, लेबल बदला, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, हा बदलत नाही.

तिसरी आणि चौथी ओळख अनेक जण एकच समजतात, कारण दोन्हींना 'सिरियल नंबर' म्हणतात. पण एक फॉरमॅटसोबत बदलतो आणि दुसरा बदलत नाही. पुढे कोर्टाच्या कागदावर हा फरक कामाला येणार आहे.

'डी' मध्ये बॅकअप ठेवलाय, म्हणजे सुरक्षित?

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. दोन अक्षरं म्हणजे दोन डिस्क असं नसतं. एकाच डिस्कचे दोन-तीन भाग पाडता येतात. त्यांना पार्टिशन म्हणतात आणि प्रत्येक पार्टिशनला स्वतंत्र अक्षर मिळतं. एका वावरात मधे बांध घालून दोन तुकडे केले, तरी जमीन एकच.

दुकानातून आणलेल्या अनेक कॉम्प्युटरमध्ये 'सी' आणि 'डी' हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. हिशेबाचं सॉफ्टवेअर 'सी' मध्ये आणि त्याचा बॅकअप 'डी' मध्ये ठेवून मालक निर्धास्त असतो. डिस्क बिघडली की दोन्ही एकदमच जातात. तुमचा बॅकअप खरंच दुसऱ्या डिस्कवर आहे का, हे तपासायला दोन मिनिटं लागतात.

विंडोजमध्ये जोडी कशी लावायची?

१. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा आणि 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. ही सोय विंडोज १० आणि ११ दोन्हींमध्ये आहे.

२. खालच्या अर्ध्या भागात डाव्या बाजूला 'डिस्क ०', 'डिस्क १', 'डिस्क २' असे चौकोन दिसतील. प्रत्येक चौकोन म्हणजे एक खरी, हातात धरता येणारी डिस्क. तिच्यासमोरच्या ओळीत तिचे भाग आणि त्यांची अक्षरं असतात. 'सी' आणि 'डी' दोन्ही 'डिस्क ०'च्या ओळीत असतील, तर तुमचा बॅकअप त्याच डिस्कवर आहे.

३. डावीकडच्या चौकोनावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे डिस्कच्या मॉडेलचं नाव दिसतं. 'व्हॉल्यूम्स' या टॅबवर तिच्यावर कुठली अक्षरं आहेत तेही कळतं.

४. कंपनीचा सिरियल नंबर हवा असेल तर 'पॉवरशेल' उघडा. इंग्रजीत 'गेट', मग आडवी रेघ, मग 'डिस्क' असं सलग लिहून एंटर दाबा. प्रत्येक डिस्कचा क्रमांक, मॉडेल, सिरियल नंबर आणि साइज एका तक्त्यात येते. तो नंबर स्टिकरवरच्या नंबराशी ताडून पाहा.

५. तरीही शंका असेल तर सगळ्यात सोपी युक्ती वापरा. टास्कबारवरच्या 'सेफली रिमूव्ह' मधून ती एक डिस्क बंद करा, वायर काढा आणि यादीतून कोण गायब झालं ते बघा. पुन्हा लावा आणि कोण परत आलं ते बघा. ही युक्ती कुठल्याही सिस्टिमवर चालते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. 'डिस्क १', 'डिस्क २' हे क्रमांकही कायमचे नसतात, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केल्यावर ते बदलू शकतात. कालचा क्रमांक आज गृहीत धरू नका. दुसरं म्हणजे, हार्ड डिस्क एखाद्या बाहेरच्या डबीत किंवा डॉकमध्ये घालून लावली असेल, तर काही वेळा कॉम्प्युटरला डिस्कचा नव्हे, त्या डबीचा नंबर दिसतो. स्वस्तातल्या काही पेनड्राइव्हना तर धड सिरियल नंबरच नसतो. अशा वेळी स्टिकर, साइज आणि आतल्या फाइल्स या तिन्हींवरून खात्री करा.

पण एक टीबीची डिस्क ९३१ जीबी का दिसते?

डिस्क ओळखण्याचा सगळ्यात भरवशाचा सोपा पुरावा म्हणजे साइज. पण खोक्यावर एक आकडा आणि स्क्रीनवर दुसरा, यामुळे माणूस गोंधळतो. 'दुकानदाराने फसवलं' अशी तक्रारही होते.

फसवणूक नाही, मोजमापाचा फरक आहे. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून त्याच्या हिशेबाने एक जीबी म्हणजे सुमारे १०७.३७ कोटी बाइट. त्यामुळे स्क्रीनवर साधारण असं दिसतं:

- ३२ जीबीचा पेनड्राइव्ह: सुमारे २९.८ जीबी
- ६४ जीबीचं कार्ड: सुमारे ५९.६ जीबी
- ५०० जीबीची डिस्क: सुमारे ४६५ जीबी
- १ टीबीची डिस्क: सुमारे ९३१ जीबी
- २ टीबीची डिस्क: सुमारे १.८१ टीबी

डिस्क मॅनेजमेंटमध्ये ५९ जीबी दिसतंय म्हणजे ते कार्ड, ९३१ दिसतंय म्हणजे मोठी डिस्क. एवढं पाहिलं तरी निम्मे अपघात टळतील. धोका उरतो तो एकाच कंपनीच्या, एकाच साइजच्या दोन डिस्क लावलेल्या असतात तेव्हा. त्या वेळी सिरियल नंबरशिवाय इलाज नाही.

लिनक्स, मॅक आणि मोबाइलवर काय?

लिनक्समध्ये अक्षरांचे फलाट नाहीत. तिथे डिस्कला 'एसडीए', 'एसडीबी', 'एसडीसी' अशी नावं मिळतात आणि भागांना पुढे आकडे लागतात, 'एसडीबी१', 'एसडीबी२'. नवीन प्रकारच्या एनव्हीएमई एसएसडीची नावं वेगळी, 'एनव्हीएमई०एन१' अशा धाटणीची असतात. ही नावंही डिस्क सापडण्याच्या क्रमावर ठरतात, म्हणून तीही बदलू शकतात.

लिनक्समध्ये डिस्क एखाद्या फोल्डरला जोडली जाते. या जोडण्यालाच 'माउंट' करणं म्हणतात. कुठली डिस्क कुठल्या फोल्डरला जोडलेली आहे, हे 'एल-एस-बी-एल-के' ही पाच इंग्रजी अक्षरांची कमांड झाडाच्या फांद्यांसारखं मांडून दाखवते. तिला सांगितलं तर मॉडेल, सिरियल नंबर आणि लेबलचे रकानेही येतात. डिस्क कायमची जोडायची असेल तर जाणकार 'एसडीबी' असं नाव लिहीत नाहीत, यूयूआयडी लिहितात. फलाट न लिहिता नंबर प्लेट लिहिण्याचाच हा प्रकार.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकण्यासाठी पेनड्राइव्ह तयार करणाऱ्यांनी इथे विशेष जपावं. 'डीडी' नावाची कमांड 'खात्री आहे का?' असं विचारतसुद्धा नाही. 'एसडीबी'च्या जागी 'एसडीए' टाइप झालं की ती कॉम्प्युटरच्या मूळ डिस्कवरच लिहायला लागते. म्हणूनच गमतीत तिला 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात.

मॅकवर 'डिस्क युटिलिटी' उघडा आणि 'व्ह्यू' मधून 'शो ऑल डिव्हाइसेस' निवडा. डिस्क वर आणि तिचे भाग खाली असे नीट दिसतात.

अँड्रॉइड मोबाइलवर मेमरी कार्डच्या पत्त्यात कधीकधी चार-चार अक्षरांचा एक विचित्र क्रमांक दिसतो, मधे आडवी रेघ असलेला. तो व्हायरस नाही. ती त्या कार्डाची नंबर प्लेट, म्हणजे व्हॉल्यूम सिरियल नंबर आहे. कार्ड फॉरमॅट केलं की तो बदलतो, आणि मग एखादं ॲप 'फाइल सापडत नाही' म्हणतं ते याचमुळे.

विंडोज स्वतःच 'फॉरमॅट करा' म्हणतं तेव्हा

कधीकधी डिस्क लावताच एक खिडकी उघडते. 'ई ड्राइव्हमधली डिस्क वापरण्याआधी ती फॉरमॅट करावी लागेल. करायची का?' अनेक जण इथे विचार न करता 'हो' म्हणतात.

या संदेशाचा खरा अर्थ एवढाच, की विंडोजला त्या डिस्कवरची मांडणी वाचता येत नाही. डिस्क रिकामी आहे असं तो म्हणत नाही. ती डिस्क मॅक किंवा लिनक्सवर तयार केलेली असू शकते. वायर ढिली असू शकते. डिस्क बिघडायला लागलेली असू शकते. किंवा ती सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेली असू शकते. अनेक डीव्हीआर स्वतःच्या वेगळ्या पद्धतीने रेकॉर्डिंग साठवतात, ते विंडोजला कळत नाही. दुकानात चोरी झाली, फुटेज बघू म्हणून डीव्हीआरची डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली आणि 'फॉरमॅट' किंवा 'इनिशियलाइझ' दाबलं, तर चोराचा पुरावा मालकानेच पुसल्यासारखं होईल.

अशा वेळी 'कॅन्सल' दाबा. फुटेज डीव्हीआरमधूनच, त्याच्याच एक्सपोर्टच्या सोयीने काढा.

चुकून फॉरमॅट झालंच, तर लगेच थांबा. 'क्विक फॉरमॅट'मध्ये आधी फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, हार्ड डिस्कवरचा मजकूर बहुतांश जागेवर असतो. त्यावर नवीन काही लिहिलं की तो खरा जातो. म्हणून त्या डिस्कवर एकही फाइल टाकू नका, आणि रिकव्हरी करायची ती दुसऱ्या डिस्कवर. एसएसडीच्या बाबतीत मात्र आशा कमी, कारण ती रिकामी झालेली जागा स्वतःच साफ करून टाकते. 'क्विक'ची खूण काढून केलेल्या पूर्ण फॉरमॅटमध्येही तेच. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्य लिहितं.

जालन्याचा खटला: व्हिडिओ आहे, पण तो आला कुठून?

आता वळू त्या खटल्याकडे. ऑक्टोबर २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात शिवसेनेचे अर्जुन खोतकर यांना ४५,०७८ मतं मिळाली आणि काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांना ४४,७८२. फरक फक्त २९६ मतांचा.

गोरंट्याल यांनी आणि एका मतदाराने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात निवडणूक याचिका केल्या. मुद्दा होता उमेदवारी अर्जाच्या वेळेचा. अर्ज भरायची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनपर्यंत होती आणि खोतकर यांचे अर्ज त्यानंतर दाखल झाले, असा आरोप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात व्हिडिओ कॅमेरे लावलेले होते. म्हणजे कुठला अर्ज किती वाजता आला, हे रेकॉर्ड झालेलं होतं.

उच्च न्यायालयाच्या आदेशावरून ते रेकॉर्डिंग सीडीच्या रूपात हजर झालं. पण सीडी ही मूळ रेकॉर्डिंग नव्हती, नक्कल होती. तेव्हाच्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब नुसार अशा नकलेसोबत एक प्रमाणपत्र लागायचं. त्यात ही नोंद कशी तयार झाली आणि कुठल्या यंत्रातून आली, याचा तपशील द्यायचा असतो. ते प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळालं नाही. उच्च न्यायालयाने अधिकाऱ्याची साक्ष पुरेशी मानली आणि २४ नोव्हेंबर २०१७ रोजी खोतकर यांची निवड रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

१४ जुलै २०२० रोजी न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन, न्यायमूर्ती एस. रवींद्र भट आणि न्यायमूर्ती व्ही. रामसुब्रमण्यन यांच्या खंडपीठाने निकाल दिला. नक्कल हजर करायची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मूळ लॅपटॉप, टॅब किंवा मोबाइलच कोर्टात आणला आणि तो आपलाच आहे हे मालकाने साक्षीत सिद्ध केलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि एखाद्याने प्रमाणपत्रासाठी सगळे प्रयत्न केले, कोर्टाकडेही मागणी केली, तरी ते देणं ज्याच्या हातात आहे त्याने दिलं नाही, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही.

जालन्याच्या प्रकरणात व्हिडिओखेरीज इतर पुरावाही होता, म्हणून खोतकर यांचं अपील फेटाळलं गेलं. तोवर ती विधानसभा संपून २०१९ ची निवडणूकही झाली होती आणि गोरंट्याल निवडून आले होते. २०२४ मध्ये खोतकर पुन्हा जिंकले. राजकारण पुढे सरकलं, पण 'अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल' हे नाव डिजिटल पुराव्याची चर्चा निघाली की देशभरातल्या कोर्टांत घेतलं जातं.

आता कायदा सिरियल नंबरच विचारतो

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र आहे आणि त्याचा नमुनाच कायद्याच्या परिशिष्टात छापला आहे.

त्यात काय विचारलंय ते पाहा. माहिती कशातून घेतली, कॉम्प्युटर, डीव्हीआर, मोबाइल की फ्लॅश ड्राइव्ह? कंपनी आणि मॉडेल कोणतं? रंग कोणता? सिरियल नंबर काय? 'ई ड्राइव्ह' असा रकाना त्यात कुठेही नाही. कायद्याला फलाट नको आहे, चेसिस नंबर हवा आहे.

त्याच नमुन्यात 'हॅश व्हॅल्यू' असाही रकाना आहे. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला एक लांब क्रमांक, फाइलच्या बोटाच्या ठशासारखा. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी हॅश पूर्ण बदलतो. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये तो काढायची सोय आहे. नमुन्याचे दोन भाग आहेत. पहिला पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

दुकानातल्या चोरीचं फुटेज असो की मोबाइलवरची धमकी, पुरावा म्हणून काही द्यायची वेळ आली तर मूळ यंत्र जपून ठेवा. ज्या पेनड्राइव्हवर नक्कल दिली त्याची कंपनी, साइज आणि सिरियल नंबर लिहून ठेवा, आणि पुढचं वकिलांना विचारून करा. मूळ डिस्क विनाकारण कॉम्प्युटरला लावत बसू नका, नुसती लावली तरी विंडोज तिच्यावर बारीकसारीक नोंदी लिहू शकतं. तपास यंत्रणा म्हणूनच 'राइट ब्लॉकर' नावाचं उपकरण मधे जोडून डिस्क वाचतात.

आजच करून टाका

प्रत्येक डिस्कला अर्थपूर्ण लेबल द्या. 'न्यू व्हॉल्यूम' ऐवजी 'लग्न २०२५ मूळ', 'हिशेब बॅकअप' असं. तेच नाव चिकटपट्टीवर लिहून डिस्कवर बाहेरूनही लावा, शेजारी सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे.

रोजच्या डिस्कला कायमचं अक्षर द्या. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या भागावर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' निवडा आणि शेवटाकडचं एखादं अक्षर ठेवा, एक्स किंवा वाय. पेनड्राइव्ह पुढची अक्षरं घेतात, त्यामुळे टक्कर सहसा होत नाही. व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोजेक्टमध्ये 'मीडिया ऑफलाइन' येणं आणि आपोआप होणारा बॅकअप भलत्याच डिस्कवर जाणं, दोन्ही यामुळे टळतं.

डिस्क लावली तरी 'धिस पीसी' मध्ये दिसत नसेल, तर लगेच ती बिघडली असं समजू नका. डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे ती दिसत असेल तर कदाचित तिला अक्षरच मिळालेलं नसेल. एका डिस्कची हुबेहूब क्लोन केलेली दुसरी डिस्क लावली असेल, तर ओळख क्रमांक सारखे असल्याने विंडोज त्यातली एक 'ऑफलाइन' ठेवतं, हेही माहीत असू द्या.

आणि पुसण्याचं, फॉरमॅटचं कुठलंही काम करताना ज्या डिस्कला हात लावायचा नाही ती आधी काढून बाजूला ठेवा. जी डिस्क जोडलेलीच नाही, ती चुकून फॉरमॅट होऊ शकत नाही.